फ्लॅपर मुली: केस कापणं हे खरंच धाडस होतं का?

रानवारा

१९२० च्या दशकातल्या अमेरिका-ब्रिटनमधल्या 'फ्लॅपर' मुलींचा, म्हणजे आखूड केस, आखूड झगे, नाच, सिगारेट असं राहणाऱ्या तरुण मुलींचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. एकतर 'काय सुंदर कपडे होते', नाहीतर 'श्रीमंतांच्या पोरींची थेरं'. मला दोन्ही अपुरं वाटतं. या मुलींचं मला मनापासून कौतुक आहे, आणि ते नेमकं कशाचं हे मांडायला हा धागा काढते आहे.

माझा मुद्दा केसांचा आहे. फ्लॅपर म्हणून जे जे ओळखलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं घराच्या पायरीवर आवरता येत होतं. ओठांचा रंग रुमालाने पुसता येतो. गुडघ्याखाली गुंडाळलेले मोजे वर ओढता येतात. सिगारेट विझवता येते. कापलेले केस मात्र परत जोडता येत नाहीत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला पंधरा. कमरेपर्यंतची वेणी मानेशी कापली तर ती परत यायला चार वर्षं धरा. म्हणजे ती मुलगी त्या दिवसापासून रोज सकाळी बापासमोर, शाळेच्या मुख्याध्यापकासमोर, ऑफिसातल्या साहेबासमोर तो निर्णय डोक्यावर घेऊनच उभी राहणार.

आणि कापून घ्यायचे कुठे, हाही प्रश्नच होता. बायकांचे केस करणाऱ्यांचं सगळं कसब लांब केस रचण्यात, अंबाडे बांधण्यात होतं. त्यातल्या अनेकांना आखूड कापणं जमत नव्हतं, अनेकांना ते करायचंच नव्हतं. म्हणून मुली पुरुषांच्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसल्या. साधा बॉब, म्हणजे मानेशी सरळ कापलेले केस, कात्रीने होतो, पण 'शिंगल' प्रकारात मानेवरचे केस खाली निमुळते होत जातात, ते मशीन आणि कंगवा चालवणाऱ्या हाताचंच काम. पुढे, दशकाच्या मध्याला 'ईटन क्रॉप' आला, तो तर सरळ शाळकरी मुलासारखा.

टोपीचाही याच्याशी संबंध आहे. त्या काळची घंटेच्या आकाराची 'क्लोश' टोपी अंबाड्यावर बसतच नाही, मागून उचलली जाते. ती भुवयांपर्यंत खाली ओढायची तर डोकं सपाट हवं. आणि ती घातली की समोरचं दिसायला हनुवटी वर करावी लागते. त्या काळच्या फोटोंत या मुली मान ताठ करून, वरून खाली बघताना दिसतात, त्यात टोपीच्या काठाचाही वाटा आहे.

तुम्हाला काय वाटतं?

गणिती

लेखन आवडलं, निष्कर्ष पटला नाही. केस कापणाऱ्या पहिल्या शंभर मुलींचं धाडस मान्य. पण नर्तकी आयरीन कॅसल हिने १९१५ च्या सुमाराला केस कापले होते, आणि पॅरिसमध्ये आंत्वान नावाचा केशकार त्याच्याही आधीपासून बॉब कापत होता. १९२५-२६ पर्यंत जाहिरातीतली प्रत्येक बाई बॉबमध्ये होती. जे सगळेच करतात आणि ज्यावर दुकानं चालतात, त्याला धाडस म्हणायचं का?

दुसरं, या मुलींनी 'कॉर्सेट', म्हणजे आत कडक पट्ट्या (हाडं) घातलेली, कंबर आवळणारी चोळी, 'फेकून दिला' असं सांगतात, ते अर्धसत्य आहे. कमरेचा कॉर्सेट गेला आणि छाती सपाट करणारी कापडी बॉडी आली. इंग्लंडमध्ये मार्केट हारबरो गावच्या सिमिंग्टन कंपनीची बॉडी प्रसिद्ध होती. तिला दोन्ही बाजूंना नाड्या. डोक्यावरून घालायची आणि नाड्या ओढून छाती दाबायची. नितंबांसाठी रबराचे पट्टे वेगळेच. सरळसोट फळीसारखा देह फार थोड्या बायकांना निसर्गतः मिळतो. बाकीच्यांनी तो बांधून घेतला किंवा उपाशी राहून मिळवला. कॅलरी मोजून खाण्याचं वेड अमेरिकेत सुरू झालं ते याच सुमारास.

तिसरं उदाहरण सिगारेटचं. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत तरुण मुलींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. वर्तमानपत्रांत 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून बातम्या आल्या. हे सगळं घडवून आणलं होतं एडवर्ड बर्नेस या प्रसिद्धितज्ज्ञाने, आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. बायका रस्त्यात सिगारेट ओढत नाहीत म्हणून अर्धा बाजार हातचा जातो आहे, एवढाच कंपनीचा हिशोब. ज्या बंडाचं बिल कंपनी भरते, त्याचं कौतुक मी करणार नाही.

सुईदोरा

गणिती, दुकानांचा मुद्दा बरोबर असला तरी कपड्यांच्या बाबतीत तो उलटाही आहे. हा पोशाख दुकानाच्या हातून निसटून घराघरांत शिवला गेला, कारण तो शिवायला विलक्षण सोपा होता.

१९१० च्या आसपासचा बायकांचा झगा म्हणजे आत हाडं घातलेली चोळी, अस्तर, वीस-पंचवीस हुक, उंच कॉलर. चांगल्या शिंपिणीशिवाय अंगाला बसणार नाही. १९२३-२४ मध्ये मेरी ब्रूक्स पिकेन या बाईंनी पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन इथल्या त्यांच्या टपालाने शिवण शिकवणाऱ्या संस्थेतर्फे 'एका तासात शिवायचा झगा' प्रसिद्ध केला. हाताला सवय असेल तर खरंच तासाभरात होतो. रीत अशी:

खांद्यापासून हव्या त्या उंचीपर्यंत मोजा. समजा एक मीटर. त्याच्या दुप्पट अधिक खालच्या दुमडीसाठी पंधरा-वीस सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन मीटर कापड पुरतं. पन्हा ३६ इंच असला तर उत्तम. कापड आधी आडवं दुमडायचं, ही घडी खांद्यावर येते. मग उभं दुमडायचं. चार थर झाले. आता काखेपासून कमरेखालपर्यंत बाजूचं कापड आत कापत यायचं, पण कमरेखाली, नितंबाच्या हाडाशी थांबायचं आणि तिथून पुन्हा काठापर्यंत आडवं बाहेर जायचं. तिथे जो जास्तीचा तुकडा उरतो, त्याच्या दोन-तीन चुण्या घालून बाजूच्या शिवणीत धरायच्या. बाही वेगळी नाही, मुंढा नाही, टक्स नाहीत. बाजूच्या दोन टिपा, गळ्याला उरेब पट्टी, खाली दुमड. झालं.

चुकतं कुठे? दोन ठिकाणी. एक, बाजूचा तो जास्तीचा तुकडा 'उगाच फुगतो' म्हणून कापून टाकला जातो. मग झगा उभं राहताना छान दिसतो आणि चालताना मांड्यांना अडतो. सगळा घेर त्या चुण्यांतच आहे. दोन, गळा घडीच्या बरोबर मध्यावर कापला जातो. माणसाची मान पुढे झुकलेली असते, त्यामुळे तसा गळा गळ्याशी टोचतो आणि झगा मागे सरकत राहतो. मागे जेमतेम दोन सेंटिमीटर आणि बाकी सगळी खोली पुढे, असं कापावं.

टायपिंग करणारी, दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी रविवारी दुपारी हा झगा शिवून संध्याकाळी घालू शकत होती. रेशीम परवडत नसेल तर रेयॉन, ज्याला आपल्याकडे पूर्वी 'आर्ट सिल्क' म्हणायचे. ही मुलगी शिंपिणीच्या आणि आईच्या परवानगीतून एकदम बाहेर पडली, हे मला फार मोठं वाटतं.

पारवा

एक छोटी दुरुस्ती. 'बुटांची बक्कलं उघडी ठेवून फटफट आवाज करत चालायच्या म्हणून फ्लॅपर' ही व्युत्पत्ती सगळीकडे सांगतात, पण हा शब्द ब्रिटनमध्ये त्या बुटांच्या फॅशनच्या कितीतरी आधीपासून अल्लड, वयात येणाऱ्या मुलीसाठी वापरात होता. पंख फडफडवणारं, अजून नीट उडता न येणारं पिल्लू, असा त्याचा अर्थ लावतात.

ब्रिटनमध्ये या शब्दाला राजकीय वजन होतं, ते धाग्यात आलंच नाही. १९१८ मध्ये तिथे बायकांना मत मिळालं, पण वय ३० च्या वर आणि मालमत्तेची अट. पुरुषांना २१ लाच. महायुद्धात इतके पुरुष मेले होते की २१ ठेवलं तर बायकांची संख्या जास्त झाली असती, ही खरी भीती. १९२८ मध्ये वय सारखं करायचा कायदा येताना वर्तमानपत्रांनी त्याला 'फ्लॅपर व्होट' म्हणून हिणवलं. नवीन मतदार झालेल्या सुमारे ५० लाख बायकांत तिशीच्या पुढच्या, मालमत्ता नसलेल्या कामकरी बायकाही होत्या. त्या सगळ्यांना एकाच शब्दात नाचऱ्या पोरी ठरवलं गेलं.

गणिती

पारवा, हे तर माझ्याच बाजूचं झालं. मत मिळवलं ते सभा घेणाऱ्या, तुरुंगात उपोषण करणाऱ्या आधीच्या पिढीने. अमेरिकेत मतासाठी लढलेली ॲलिस पॉल १९२३ मध्ये समान हक्कांची घटनादुरुस्ती मांडून घेत होती, तेव्हा तरुण मुलींना त्यात रस नव्हता, अशी तक्रार त्याच चळवळीतल्या बायका करत होत्या.

रानवारा

रस नव्हता हे त्या बायकांचं दुःख होतं, ते मी समजू शकते. पण मत हा पाच वर्षांतून एकदा वापरायचा हक्क आहे. शरीर रोज वापरावं लागतं. पाय किती दिसावेत हे पोलिसाने पट्टी घेऊन मोजायचं, हा कायदा मतपेटीने एका दिवसात गेला नसता. १९२२ मध्ये वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीलगतच्या पोहण्याच्या जागेवर खरोखरच पट्टी घेऊन माणूस नेमला होता. पोहण्याचा पोशाख गुडघ्याच्या वर सहा इंचांपेक्षा जास्त जाता कामा नये. त्याचा फोटो आहे. तो गुडघ्यावर वाकून मोजतो आहे आणि मुली रांगेत उभ्या आहेत.

त्यानंतर चारच वर्षांनी, ६ ऑगस्ट १९२६ ला, गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून गेली. असं करणारी पहिली बाई. वय २०, केस बॉब केलेले. साडेचौदा तासांच्या आसपास वेळ, पुरुषांचा तोवरचा विक्रम १६ तास ३३ मिनिटांचा. तिच्या पोशाखाकडे बघा. आदल्या वर्षीचा प्रयत्न फसला तेव्हाचा एकसंध पोशाख पाण्याने भरून अंगाला घासत होता. म्हणून तिने आणि तिच्या बहिणीने मिळून दोन तुकड्यांचा हलका रेशमी पोशाख बनवला. गॉगलच्या कडांतून खारं पाणी शिरायचं, तर त्या मेणबत्तीचं मेण वितळवून बंद केल्या. अंगाला लॅनोलिन, चरबी, ऑलिव्ह तेलाचे थर. सहा इंचांचा नियम पाळून ती खाडी ओलांडणं फार अवघड गेलं असतं. कपडा छोटा करणं हा थिल्लरपणा नव्हता, तिथे ती कामाची गरज होती.

टेनिसमधली सुझान लांग्लेन घ्या. १९१९ मध्ये विम्बल्डनला कॉर्सेट न घालता, पोटरीपर्यंतच्या झग्यात आणि उघड्या हातांनी उतरली. त्याआधीच्या बायका कमरेला हाडं आवळून सर्व्हिस करत होत्या. हात डोक्यावर नेऊन मागे वाकायचं तर बरगड्या मोकळ्या हव्यात.

तालमात्रा

चर्चा चांगली चालली आहे, पण आतापर्यंत सगळी नावं गोऱ्या बायकांची आली. फ्लॅपर म्हटलं की ज्या नाचाचं चित्र डोळ्यांसमोर येतं, तो चार्ल्स्टन दक्षिण कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांचा. १९२३ मध्ये ब्रॉडवेवरच्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या संगीतिकेतून, जेम्स पी. जॉन्सनच्या चालीवर तो देशभर गेला. गोऱ्या मुलींनी तो उचलला आणि 'बंडखोर' ठरल्या. ज्यांचा तो नाच, त्या बायकांना त्याच क्लबात समोरच्या दाराने प्रवेश नव्हता.

नाचाचं गणित सांगतो, कारण पोशाखाचा संबंध त्यात आहे. आठ मात्रा. डावा पाय पुढे टाका, उजव्याची लाथ पुढे, उजवा मागे आणून टेका, डाव्याचा चवडा मागे टेकवा. हे झालं वरवरचं. खरी गंमत चवड्यांत आहे. प्रत्येक मात्रेला दोन्ही टाचा बाहेर आणि आत फिरतात, त्यामुळे गुडघे आपटून सुटल्यासारखे दिसतात. नवशिके गुडघे फिरवायला जातात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. फिरवायची टाच, वजन चवड्यावर, गुडघे सैल. अंग ताठ ठेवलं की ताल जातो. बिनपट्ट्याचा बूट लाथेबरोबर उडून जातो, म्हणून पायावरून पट्टा असलेले बूट आणि दोन इंचांच्या आतली टाच. झगा गुडघ्याशी नसेल तर यातलं एकही पाऊल पडत नाही.

या नाचाला बदनामही केलं गेलं. ४ जुलै १९२५ ला बॉस्टनमधला पिकविक क्लब कोसळून ४४ माणसं मेली. लगेच बोंब झाली की चार्ल्स्टनच्या दणक्याने इमारत पडली. इमारतीत आधी आग लागून गेली होती, आणि शेजारीच पाया खणणं चालू होतं, याकडे लोकांचं लक्ष नंतर गेलं.

धाडस म्हणाल तर बेसी कोलमन. टेक्सासमधली, शिकागोत नखं रंगवण्याचं काम करणारी. अमेरिकेतली एकही विमानविद्येची शाळा तिला घेईना. ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि जून १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना घेऊन आली. १९२६ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला सरावाच्या उड्डाणात पडून गेली. किंवा जोसेफीन बेकर. सेंट लुइसच्या गरिबीतून १९२५ मध्ये पॅरिसला पोचली, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी संगीताच्या कागदांवर अदृश्य शाईने निरोप नेले. २०२१ मध्ये तिला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, मान मिळाला. रानवारा, तुमच्या यादीत या दोघी आधी हव्यात.

रानवारा

मान्य. दोघी आधी हव्या होत्या. पण बेकरचे चापून बसवलेले आखूड केस आठवा. तेही त्याच कात्रीचं काम.

उत्तररात्र

गणिती म्हणतात बाजाराने वापरलं, रानवारा म्हणतात मुलींनी मिळवलं. मला एका तिसऱ्या ठिकाणी बघावंसं वाटतं. न्यू जर्सीतलं ऑरेंज गाव, घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायचा कारखाना. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. पगार चांगला, म्हणून नवे कपडे, नाच, सिनेमा.

रंग म्हणजे झिंक सल्फाइडची पूड, त्यात किंचित रेडियम, डिंक आणि पाणी. उंटाच्या केसांचा बारीक ब्रश. दोन-चार आकडे झाले की ब्रश फिसकारतो, रेषा जाड होते. मग त्याला टोक काढायला तो ओठांत धरायचा. ओठांत, रंगात, तबकडीवर, पुन्हा ओठांत. कापडाने पुसून टोक काढलं तर महागडा रंग वाया जातो, म्हणून ओठ. दिवसाला अडीचशेच्या आसपास तबकड्या. मुली गंमत म्हणून नखांना, दातांनाही हा रंग लावून नाचायला जायच्या, अंधारात हसल्या की दात चमकायचे. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडांत जाऊन बसतं. आधी दात सैल व्हायचे. दात काढला तर जखम भरायची नाही. मग जबडाच सडायला लागायचा.

१९२२ मध्ये मॉली मॅजिया गेली, तेव्हा तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं 'सिफिलिस'. एकटी राहणारी, कमावती, नटणारी मुलगी, तिला दुसरं काय होणार, असाच त्याचा अर्थ निघत होता. आणि मुली तक्रार करायला लागल्यावर तो दाखला कंपनीच्या सोयीचाच होता. ऑक्टोबर १९२७ मध्ये शव उकरून तपासलं तेव्हा हाडं किरणोत्सारी निघाली. सिफिलिसची खूण नव्हती.

या मुलींनी कंपनीला कोर्टात खेचलं. काहींचे तर शपथेसाठी हात वर होत नव्हते. फ्लॅपर काळातलं धाडस म्हणून मी आधी यांचं नाव घेईन.

गणिती

उत्तररात्र, हे वाचून थांबावं लागलं. तरी म्हणेन की हे धाडस फ्लॅपर असण्याचं नाही, कामगार असण्याचं आहे. केस लांब असते तरी त्या कोर्टात गेल्याच असत्या.

रानवारा

पण तो 'सिफिलिस' शब्द लांब केसांच्या, बापाच्या घरी राहणाऱ्या मुलीच्या दाखल्यावर इतक्या सहज पडला असता का? नटण्याची आणि कमावण्याची शिक्षा त्यांना मेल्यावरही भोगावी लागली. म्हणूनच म्हणते, नटणं फुकट नव्हतं.

दीपमाळ

मराठी वाचकांना आठवेल अशी एक गोष्ट. याच काळात आपल्याकडे अनेक घरांत विधवांचं केशवपन चालू होतं. तिथे बाईचे केस कापणं म्हणजे बंड नव्हतं, दंड होता. त्याच्या बऱ्याच आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं होतं. शिकागोतला न्हावी मुलीचे केस कापतो आणि मुंबईतला कापायला नकार देतो, दोघेही बाईच्या बाजूचे. प्रश्न केस लांब की आखूड हा नाही. ठरवणार कोण?

अजून एक. मेरी स्टोप्स यांनी लंडनच्या हॉलोवे भागात संततिनियमनाचं केंद्र काढलं मार्च १९२१ मध्ये. त्याच वर्षी र. धों. कर्व्यांनी मुंबईत काढलं. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती.

आणि पडद्यावरची आपली फ्लॅपर म्हणजे सुलोचना, मूळ नाव रूबी मायर्स. पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू मुलगी, आधी टेलिफोन ऑपरेटर. १९२६ मध्ये 'टायपिस्ट गर्ल', १९२७ मध्ये 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त आठ भूमिका, त्यांत पुरुषाच्याही.

मुळाक्षर

दीपमाळ, वपनाशी तुलना जपून करावी असं वाटतं. तिथे घरातून हाकललं जाण्याची भीती होती, इथे फार तर अबोला आणि नोकरीवर गदा. एकाच तराजूत घातलं तर आपल्या बायकांनी सोसलेलं हलकं होतं. 'ठरवणार कोण' हा प्रश्न मात्र नेमका आहे.

दुसरं, सुईदोरा किंवा कुणी सांगेल का: नाटकासाठी त्या काळचे लाटांचे केस करायचे असतील तर मशीनशिवाय कसे करतात? आणि मण्यांचा जुना झगा मिळाला तर तो घालावा का?

सुईदोरा

मुळाक्षर, तेव्हा दोन रीती होत्या. मार्सेल लाट तापवलेल्या चिमट्याने करायचे. त्याची एक दांडी गोल, दुसरी पन्हळीसारखी. चिमटा गॅसवर तापवून कागदावर धरायचा, कागद पिवळा पडला तर केस जळणार, मग हवेत फिरवून थंड करायचा. घरी हे करू नका.

बोटांनी काढायची लाट सोपी. एक भाग जवस, आठ भाग पाणी, अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरेपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच पातळ कपड्यातून गाळायचं. गार झालं की गाळलंच जात नाही. ओल्या केसांना चोपडून केस पुढे विंचरायचे, तर्जनीने दाबून धरायचे, तिच्या खालचे केस मागे विंचरायचे. दोन बोटांच्या चिमटीत जो उंचवटा येतो तिथे क्लिप. पुढची लाट तीन सेंटिमीटर खाली, उलट दिशेने. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. आपल्या जाड, सरळ केसांत अर्धवट ओलं असताना क्लिप काढली की दहा मिनिटांत लाट उतरते.

मण्यांचा अस्सल जुना झगा घालू नका, टांगूही नका, आडवाच ठेवा. तो पातळ रेशमावर किलो-दोन किलो मणी पेलत असतो, खांद्यावरच फाटतो. ते मणी फ्रान्समध्ये लुनेव्हिलच्या आकड्याने, म्हणजे आपल्या आरीसारख्याच आकड्याने, साखळी टाक्यात लावलेले असत. साखळी एका टोकाने सुटली की स्वेटर उसवावा तशी ओळच्या ओळ गळून पडते. आणि त्या काळच्या टिकल्या बऱ्याचदा जिलेटिनच्या. घामाने चिकट होतात, धुतलं तर विरघळून जातात. नाचून आलेल्या मुलीच्या झग्यात काखेजवळच्या टिकल्या नाहीशा झालेल्या दिसल्या तर ती कसर नव्हे, घाम आहे.

हे काम करणाऱ्या बायकांबद्दल गणितींनी लिहायला हवं होतं. एका झग्याला कितीतरी दिवस लागत, मजुरी तुटपुंजी.

गणिती

सुईदोरा, खरं आहे. तो मुद्दा माझाच होता आणि मी सिगारेटवर थांबलो. केसांबद्दल मत थोडं बदललं आहे: दाखल्यावरचा तो शब्द डोक्यातून जात नाही. पण जी किंमत मोजली गेली ती सगळ्यांनी सारखी मोजली नाही, यावर मी ठाम आहे.

उत्तररात्र, त्या खटल्याचं पुढे काय झालं?

उत्तररात्र

त्या मुलींतल्या ग्रेस फ्रायरला वकील मिळायलाच दोन वर्षं लागली. मग रेमंड बेरी या तरुण वकिलाने १९२७ मध्ये खटला घेतला. पाच जणी, प्रत्येकीची मागणी अडीच लाख डॉलरची. कंपनीचा बचाव मुदतीचा होता: न्यू जर्सीच्या कायद्याने इजा झाल्यापासून दोन वर्षांत दावा लावायला हवा होता. रेडियमचा त्रास सुरू व्हायलाच त्याहून जास्त वर्षं लागत होती. कंपनी तारखा लांबवत राहिली, कारण फिर्यादी मरणार हे तिला दिसत होतं. वर्तमानपत्रांनी उचलून धरल्यावर जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला रोख दहा हजार डॉलर, औषधोपचाराचा खर्च, आणि जिवंत असेपर्यंत वर्षाला सहाशे डॉलर.

ग्रेस फ्रायर १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये गेली. वर्षाच्या सहाशे डॉलरांचे हप्ते तिला पाचच वर्षं मिळाले.